ट्वायलाची पहिली ठासणीची बंदूक

"तू एवढंच बघून ये ट्वायला," डेन्झिल फोनवर म्हणाला होता, "की बंदूक बाबांच्या हातात ठेवायची की काढून घ्यायची. तू सांगशील तसं करतो. उद्या गाडी घेऊन येतोच आहे."

मोठा शहाणा! चार तासांच्या अंतरावर शहरात राहायचं आणि निकाल मात्र बहिणीने द्यायचा. पण ट्वायला त्याला उलटून बोलली नाही, कारण तो खोटं बोलत नव्हता. महिन्याभरात त्यांच्या बापाने, होबार्ट रॅटलिफने, दोनदा शेगडी तशीच चालू ठेवली होती. एकदा तर मंगळवारीच रविवारचा कोट चढवून तो चर्चला गेला आणि बंद दारावर थापा मारत पाद्र्याच्या आळसाला शिव्या घालत बसला होता. गावाने हसण्यावारी नेलं. ट्वायलाला त्या रात्री झोप लागली नाही.

म्हणून शनिवारी ती त्याच्याबरोबर ओढ्याकाठच्या नेमबाजीच्या क्लबात आली होती. निमित्त खरं होतं: वयाची बावन्न वर्षं झाली, शाळेच्या मुलांसाठी घेवड्याची पातेली ढवळण्यात अर्धं आयुष्य गेलं, आता एक ठासणीची बंदूक आपली स्वतःची असावी असं तिला फार वाटत होतं. लहानपणी बाबांनी शिकवलं होतं, ते लग्नानंतर सुटलं ते सुटलंच. बाबांना म्हणाली, "चला, मला निवडून द्या." म्हातारा पहाटेच टोपी घालून व्हरांड्यात तयार! मांडीवर त्याची स्वतःची बंदूक. चाळीस वर्षांपूर्वी मेपलच्या लाकडातून दस्ता कोरून त्याने ती आपल्या हाताने बनवली होती. त्याने बनवलेल्या बाकीच्या विकल्या, वाटल्या. ही एक उरली होती.

बंदुका विकणाऱ्या मर्ल कॉडिलने गाडीच्या मागच्या फळीवर पाच बंदुका मांडल्या होत्या. ट्वायलाने हात घातला तो थेट सगळ्यात देखण्या बंदुकीला. लांबच लांब नळी, पितळेची नक्षी, गारगोटीचा घोडा.

"ठेव खाली," होबार्ट म्हणाला. "ती नवरीसारखी नटलीय, पण वागवणार कोण? गारगोटीची बंदूक पहिल्याने घेऊ नये, पोरी. घोडा पडल्यावर ठिणगी, ठिणगीनंतर भडका, मग बार. तेवढ्यात तू डोळे मिटशील. दोन वर्षं टोपीवाली उडव, बारुदीच्या टोपीवर घोडा पडला की लगेच बार, मग कर ही थेरं."

"होबार्ट, गिऱ्हाईक माझं आहे रे," मर्ल कुरकुरला.

"म्हणून तर सांगतोय. तुझ्यावर सोडलं तर तू तिला तोफ विकशील."

मग त्याने एक आखूड, टोपीवाली बंदूक उचलली, गज नळीत सोडून ती रिकामी असल्याची खात्री केली आणि ट्वायलाच्या हातात दिली. "डोळे मीट. खांद्याला लाव. आता उघड. नळीच्या टोकाची माशी कुठे दिसते?"

"खाचेत. बरोब्बर मधोमध."

"मग दस्ता तुझ्या मापाचा आहे. मान वाकवावी लागली असती तर मर्लने फुकट दिली तरी घेऊ नको म्हटलं असतं. वजन? हात थरथरतो का?"

"नाही."

"पंचेचाळीसची, म्हणजे अरुंद नळी आहे. बारूद कमी खाते, खांदा दुखत नाही. हीच घे."

ट्वायलाचा जीव भांड्यात पडला. कोण म्हणतं या माणसाचं डोकं चालत नाही? डेन्झिलला काय उत्तर द्यायचं ते ती मनात जुळवूही लागली: बाबा ठणठणीत आहेत, तू आपली गाडी शहरातच ठेव.

"पण पैसे देण्याआधी," होबार्ट म्हणाला, "एकदा माझी उडवून बघ. बंदूक कशाला म्हणतात ते कळू दे. मी भरून देतो."

ठासायच्या बाकापाशी त्याने बंदूक उभी धरली. बारुदीच्या शिंगातून मापात, मापातून नळीत: पन्नास ग्रेन, एक दाणा इकडे नाही की तिकडे नाही. ट्वायला गोळीखाली घालायच्या चिंधीला तेल लावत होती. तेवढ्यात मागून मर्लने आरोळी दिली, "होबार्ट, तुला आठवतं का, तो टर्की पक्षी जिंकायच्या पैजेचा दिवस? तुझ्या गोळीने माझी हॅट उडाली होती!"

"हॅट कसली, तुझी अक्कल उडाली होती!" होबार्ट खो खो हसला, डोळे पुसले, बाकाकडे वळला. शिंगातून मापात. मापातून नळीत.

ट्वायलाच्या बोटांतली चिंधी तशीच राहिली. आत्ता टाकली का? की मघाशी नुसतं माप भरलं होतं? छे, मघाशीही टाकलीच होती. टाकली होती ना? तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं आणि तरी स्वतःच्याच डोळ्यांवर तिचा विश्वास बसेना.

"चिंधी दे की. झोपलीस का?"

तिने दिली. त्याने चिंधी घातली, वर शिशाची गोळी ठेवली, गजाने दाबत दाबत तळाला नेली. त्या गजावर त्याने स्वतः चाकूने खूण केली होती. बारूद आणि गोळी नीट बसली की खूण नळीच्या तोंडाशी येते. या क्लबातल्या निम्म्या माणसांना गजावर खूण करायला त्यानेच दरडावून शिकवलं होतं. आज ती खूण तोंडापासून चांगली दोन बोटं वर उभी होती. होबार्टने गज बाहेर काढला, खुणेकडे ढुंकूनही पाहिलं नाही आणि बंदूक तिच्या हातात दिली.

"जा. टोपी तिथे रेषेवर गेल्यावरच चढव."

गोळ्या झाडायच्या रेषेपर्यंत वीसेक पावलं असतील. दुप्पट बारूद. एवढ्याने नळी फुटेलच असं नाही. बाबांची नळी जाड आहे, कदाचित नुसता खांदा सडकून निघेल. आणि फुटली तर? डाव्या हाताची बोटं नळीखालीच असतात. बरं, आज मी आहे. उद्या बाबा एकटे असतील आणि तिसरं माप टाकतील.

पण बोलायचं तरी कसं? या क्लबाचा एक रिवाज आहे. ज्याची ठासणी चुकली त्याने स्वतः हात वर करून ओरडायचं. मग हसतात, चिडवतात, गळ्यात गाईची घंटा बांधतात, जेवणापर्यंत ती वाजवत फिरायचं, की झालं. मात्र ज्याची चूक दुसऱ्याला दाखवावी लागली, तो माणूस रेषेवर उभा राहण्याच्या लायकीचा उरला नाही असं धरतात. त्याला पुन्हा कोणी बोलावत नाही. एवढं झाल्यावर बाबांकडे उरणार काय? व्हरांडा आणि रविवारचा कोट.

रेषेवरची मुख्य ओशी फ्युगेट. बाई बोटभर उंचीची, आवाज मात्र डोंगरापलीकडे जाईल असा. ती ओरडली, "टोप्या चढवा!"

ट्वायलाने हात वर केला. "ठासणी चुकली!"

सगळ्या नळ्या आभाळाकडे गेल्या. ओशी तरातरा आली. "कोणी भरली?"

"मी. बोलण्याच्या नादात दोनदा बारूद टाकली."

मर्ल फळीपाशी उभा राहून बघत होता. त्याने तोंड उघडलं, मिटलं आणि एकदम बंदुका पुसायला घेतल्या.

"होबार्टची लेक, आणि दोनदा!" कोणीतरी खिंकाळलं. घंटा आली, गळ्यात पडली. ओशीने गजाला स्क्रू लावून गोळी उपसली आणि बंदूक वर्तमानपत्रावर उपडी केली. काळ्या बारुदीचा ढीग पडला, पडतच राहिला. हसणारे पुढे सरकून बघू लागले.

होबार्ट गर्दीतून पुढे आला. "अगं, गधडे!" तो संतापाने ओरडला. "हेच शिकवलं मी तुला? गजाकडे बघितलं नाहीस? हात तुटला असता म्हणजे?"

ते नाटक नव्हतं. ट्वायलाने त्याच्या डोळ्यांत पाहिलं. भरून देतो म्हटल्याची, भरून दिल्याची आठवण तिथे नव्हतीच. बाबा माझ्यासाठी खोटं बोलत असते तर किती बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

"सरक," तो म्हणाला आणि शिंगाकडे हात नेला. "मी भरून दाखवतो."

"बाबा, थांबा. माझं निवडून झालंय."

"मर्लची ना? चांगली आहे."

"नाही. ही. तुमची." तिने मेपलचा दस्ता छातीशी धरला. "मला दुसरी कुठलीच नको."

होबार्टचा चेहरा असा उजळला की तिला बघवेना. तो गर्दीकडे वळला. "ऐकलंत का? मर्ल्या, ऐक! पाचांतून हिला माझीच आवडली!" मग हळूहळू त्याचा हात खाली आला. "पण मग मी कशाने उडवू?"

"तुम्ही माझ्या मागे उभं राहून चुका काढा. नाहीतरी तुम्हाला त्यातच जास्त मजा येते."

होबार्ट वर्तमानपत्रावर वाकला. त्याने बोटाने तो ढीग मधोमध विभागला, दोन सारखे भाग केले आणि बराच वेळ त्यांच्याकडे बघत राहिला. एका बोटाला बारूद लागली होती, ती त्याने पॅन्टला पुसली.

"डेन्झिल उद्या येतोय ना?"

"हो."

"त्याला सांग, मी तुला दिली म्हणून. तू मागितलीस आणि मी दिली."

"तसंच तर झालं, बाबा."

"आणि ही दोनदा..." तो थांबला. आवाज अगदी खाली आला. "तूच टाकलीस ना गं?"

"मीच."

"बरं," होबार्ट म्हणाला. त्याने खांद्यावरून शिंगाचा पट्टा काढला, तिच्या गळ्यात घंटेशेजारी अडकवला आणि दोन पावलं मागे जाऊन उभा राहिला. "भर मग. मी बघतोय."