माझ्या तोंडाशी रुतलेली नाव

मित्रांनो, मी एका नदीचे जुने वळण आहे. एकेकाळी सगळी नदी माझ्यातून जात असे. बाहेरच्या काठाची माती ती कुरतडायची, आतल्या काठाला वाळू आणून ठेवायची, आणि मी दरवर्षी अधिकच वाकडे व्हायचे. शेवटी माझ्या दोन टोकांमध्ये जेमतेम एका शेताची रुंदी उरली. एका मोठ्या पुरात नदीने तेवढी माती फोडली आणि ती नाकासमोर निघून गेली. माझी दोन्ही तोंडे गाळाने बुजली. भूगोलाच्या पुस्तकात मला नालाकृती सरोवर म्हणतात. इथले लोक सरळ 'वाकडं तळं' म्हणतात.

मला वाटले, संपले सगळे. पण आईने, म्हणजे नदीने, मला टाकले नव्हते. दर पुरात ती काठ ओलांडून मैदानभर पसरते, माझ्यापर्यंत येते आणि माशांची बारीक पिल्ले माझ्याकडे सोपवून जाते. मी ती लव्हाळ्यात वर्षभर सांभाळते आणि पुढच्या पुरात परत धाडते. शिवाय कासवे, बेडूक आणि भांडखोर पाणकोंबड्या यांचे बिऱ्हाड माझ्याकडे कायमचेच.

माझ्या काठी एक नावाडी आणि त्याची थोरली बहीण राहतात. बहीण मासेमारीची जाळी विणते. नदी सरकली तेव्हा त्यांच्या वडिलांची नाव माझ्यातच अडकली. नावाडी रोज सकाळी तिच्यातून एक फेरी मारायचा आणि हळहळायचा, लेकरू आईपासून तुटलंय म्हणून. माझ्यावर त्याचा फार जीव. एका उन्हाळ्यात त्याने कुदळ उचलली. नदीपर्यंत चर खणला की मी पुन्हा वाहीन आणि त्याची नावही नदीत जाईल, असा त्याचा बेत होता.

बहिणीने परोपरीने सांगितले की सरळ धावून नदीने आपले पात्र खोल केले आहे, तिचे पाणी आता तळ्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. त्याने ऐकले नाही. खरे सांगू? मलाही वाहायचे होते. हातचे सोडून पळत्याच्या मागे लागायची हौस मलाही होतीच.

चर फुटला. पाणी आले नाही, गेले. दुपारपर्यंत लव्हाळ्याची मुळे उघडी पडली आणि पिल्ले चिखलात तडफडू लागली. नावाड्याने चर बुजवायला टाकलेली माती वाहून गेली. बहिणीने जुन्या जाळ्यात बांधून आणलेले दगडही टिकले नाहीत. मग तो नावेकडे बघत उभा राहिला.

"अरे, बाबांची नाव आहे ती," बहीण म्हणाली.

"नाव पुन्हा बांधता येईल, ताई. तळं कुठून आणू?"

दोघांनी नाव ओढत आणून चरात आडवी घातली, तिच्यात माती भरली आणि फटी जाळ्यांनी बुजवल्या. संध्याकाळी पाणी थांबले. मी गुडघाभर उरले होते. त्या पावसाळ्यात आईनेच मला पुन्हा भरले.

आता नावेवर लव्हाळे उगवले आहेत आणि तिच्या नाळेत, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकात, पाणकोंबडीने घरटे केले आहे. नवी नाव काही बांधून झाली नाही. मित्रांनो, माझ्यावर प्रेम जरूर करा, पण माझी कीव करू नका. मी थांबले आहे, हेच माझे काम आहे. वर्षातून एकदा पुरात आई माझ्याकडे येते, ती वाट तेवढी मोकळी ठेवा. पूर आला की नदी आणि मी चार दिवस एकच असतो. तेव्हा नावाडी जुने वल्हे घेऊन काठावर येतो, पाण्यात बुडवतो, आणि बराच वेळ तसाच धरून बसतो.