दुसऱ्या रकान्यातले नाव

मित्रांनो, मी एक जुनी मतपेटी आहे. ओक लाकडाची, पितळी कडांची, बाजूला फिरवायचा दांडा असलेली. वरच्या फटीत मतपत्रिका धरायची, दांडा फिरवायचा, की ती आत ओढली जाते आणि आतली घंटा एकदा वाजते. आजवर माझ्या पोटात काय काय गेले, पण मी कधी हूं की चूं केले नाही. मतपेटीने चहाड्या करायच्या नसतात. आज मात्र बोलते आहे. गेल्या नोव्हेंबरात माझ्या पोटातून जे निघाले ते बघून मी इतकी हादरले, की अजून सावरलेले नाही.

माझा जन्म अमेरिकेतल्या मेन राज्याच्या किनाऱ्यापलीकडच्या याच टॉलमन बेटावरचा. इथल्या एका होड्या बांधणाऱ्याने उरलेल्या फळ्यांतून मला घडवले आणि गावाच्या सभागृहात आणून ठेवले. तेव्हा माझा थाट काय सांगू! माणसे माझ्यासमोर टोपी काढून उभी राहत. नवरा-बायको भांडत यायची, पण दांडा फिरवताना गप्प व्हायची. पुढे मत मोजणारे यंत्र आले आणि माझी रवानगी रंगमंचाखालच्या अडगळीत झाली. नाताळच्या माळा, मोडक्या खुर्च्या आणि मी. किती वर्षे कोणी विचारपूस केली नाही.

मग गावाने मतदानाची नवी पद्धत घेतली. ती त्या यंत्राला काही केल्या जमेना. तेव्हा गावाच्या कारकून मर्नाबाईंनी मला बाहेर काढले, जवसाचे तेल लावून चोळले आणि म्हणाल्या, "चल म्हातारे, तुझ्यावाचून अडलंय." मला रडू यायचेच बाकी राहिले होते.

ही पद्धत मर्नाबाईंनी सभागृहातल्या बीन्सच्या जेवणावळीत सगळ्यांना समजावली. टेबलावर तीन 'पाय', म्हणजे आत गोड सारण भरून भट्टीत भाजलेले गोल पदार्थ, मांडलेले होते. एक ब्लूबेरीचा, एक सफरचंदाचा आणि एक भोपळ्याचा.

"समजा, सगळ्यांना मिळून एकच पाय घ्यायचाय," त्या म्हणाल्या. "प्रत्येकाने लिहायचं, पहिला कोणता हवा, तो नसेल तर दुसरा कोणता, तोही नसेल तर तिसरा. निम्म्याहून जास्त लोकांनी एकच पाय पहिला मागितला, तर प्रश्नच मिटला. नाहीतर ज्याला सर्वांत कमी मागणी, तो पाय उचलायचा. ज्यांनी तो मागितला होता, त्यांची मतं त्यांच्या दुसऱ्या पसंतीला जातात. मग पुन्हा मोजायचं."

"मला फक्त ब्लूबेरी," थेल्मा पिंकम म्हणाली. "तो उचललात तर मी उपाशी राहीन, पण भोपळा खाणार नाही."

"राहा की उपाशी. तुझ्या वाटचं आम्ही खाऊ," मागून कोणीतरी म्हणाले आणि सभागृह हसले. मीही मनातल्या मनात हसले. तेव्हा काय ठाऊक होते!

त्या वर्षी गावप्रमुखाच्या जागेसाठी तिघे उभे होते. वॉरेन स्टॅकपोलला गावाचा धक्का उन्हाळी पाहुण्यांच्या यॉट क्लबला विकायचा होता. थेल्माचा भाऊ लॉर्न पिंकम हा समुद्रात सापळे टाकून शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, पकडणारा. त्याची होडी त्याच धक्क्याला बांधलेली असे. धक्का गेला तर त्याला रोजचा माल खाडीपलीकडे मुख्य किनाऱ्यावर न्यावा लागणार होता, आणि थंडीतल्या त्या पाण्यात साठी ओलांडलेल्या, दुखऱ्या खांद्याच्या माणसाला ते झेपणारे नव्हते. तिसरी ओडेट थिबोडो, निवृत्त शिक्षिका, टेकडीवर राहणारी. धक्का विकू नये असे तिचेही म्हणणे होते.

मच्छीमारांच्या सोसायटीने लॉर्नला पाठिंबा जाहीर केला. इथवर सगळे ठीक होते. पण आमच्या कोळ्यांची एक रीत आहे. प्रत्येकाचे पाणी ठरलेले, सापळ्याच्या दोरीला बांधून पाण्यावर तरंगत ठेवलेल्या प्रत्येकाच्या बोयाचा रंग ठरलेला. दुसऱ्याच्या पाण्यात कोणी सापळा टाकत नाही. टाकला तर त्याची दोरी कापली जाते आणि त्याबद्दल कोणी तक्रारही करत नाही. हीच रीत त्यांनी मतपत्रिकेला लावली.

"माझ्या माणसांच्या मतपत्रिकेवर ओडेटचं नाव म्हणजे माझ्या पाण्यात तिचा सापळा," लॉर्न माझ्याशेजारी उभा राहून म्हणाला. "ते चालणार नाही."

"मग तिन्ही रकान्यांत तुझंच नाव घालायला सांगते," थेल्मा म्हणाली. "तिप्पट जोर."

"जोर तिप्पट होत नाही गं बाई," मर्नाबाईंनी समजावले. "एकच नाव तीनदा लिहिलं तरी ते एकदाच धरलं जातं. लॉर्न बाद झाला, तर ते मत तिथंच संपतं."

"बाद व्हायला तो काय फुटका डबा आहे? तुम्ही आपली पेटी सांभाळा, मर्नाबाई."

सोसायटीने कार्डे छापली आणि धक्क्याजवळच्या घराघरांत वाटली. त्यांवर तीन ओळी होत्या. लॉर्न. लॉर्न. लॉर्न.

ओडेट मात्र दारोदार उलटेच सांगत फिरत होती. पहिले मत मला, दुसरे लॉर्नला, त्याला विसरू नका. ते ऐकून थेल्मा हसली होती. "स्वतःवरच भरवसा नाही बिचारीचा," म्हणाली होती.

मतदान झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी मर्नाबाईंनी माझे कुलूप काढले. लांब टेबलावर पहिल्या पसंतीप्रमाणे तीन गठ्ठे लागू लागले, आणि भिंतीला टेकून सारे गाव बघत उभे राहिले. स्टॅकपोलचा गठ्ठा सर्वांत उंच झाला, तरी एकूण मतांच्या निम्म्याला तो पोहोचला नाही. त्याच्याखाली ओडेट. आणि ओडेटपेक्षा पाचच मतांनी मागे, सर्वांत शेवटी, लॉर्न.

पण कोळ्यांनी अजून धीर सोडला नव्हता. ओडेट आणि लॉर्न यांचे गठ्ठे एकावर एक ठेवले असते, तर स्टॅकपोल कुठल्या कुठे बुडाला असता.

मर्नाबाईंनी लॉर्नचा गठ्ठा जवळ ओढला. पहिली मतपत्रिका उचलून दुसरा रकाना पाहिला. लॉर्न. तिसरा पाहिला. लॉर्न. ती त्यांनी टेबलाच्या रिकाम्या टोकाला ठेवली. दुसरी उचलली, तीही तिथेच. मग तिसरी. मित्रांनो, ही मते रात्रभर माझ्या पोटात होती, तरी मला कल्पना नव्हती. त्या टोकाला बघता बघता चौथा गठ्ठा उभा राहिला, आणि त्यावर लिहायला कोणाचे नावच नव्हते. ओडेटकडे गेली ती मोजून बारा मते.

उरलेल्या मतांत स्टॅकपोलच पुढे राहिला आणि जिंकला. त्याचा स्वतःचाही विश्वास बसत नव्हता. त्याने मर्नाबाईंना दोनदा विचारले, "नक्की ना?"

थेल्मा पुढे आली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. "ओडेटच्या लोकांनी काय लिहिलंय ते दाखवा मला."

मर्नाबाईंनी ओडेटचा गठ्ठा तिच्यासमोर एकेक करून उलटला. दुसऱ्या रकान्यात लॉर्न, पुन्हा लॉर्न, पुन्हा लॉर्न. क्वचितच एखादा रकाना रिकामा निघाला. थेल्माने मध्येच हात वर करून त्यांना थांबवले आणि ती भिंतीकडे तोंड करून उभी राहिली. ओडेटला सहा मते कमी पडली असती, तर ती बाद झाली असती आणि हे सगळे लॉर्नला मिळाले असते.

लोक गेले. लॉर्न बाकावर बसून राहिला. ओडेट कोट घालत होती.

"माझं स्वतःचं मतही त्या टोकाच्या गठ्ठ्यात आहे," तो म्हणाला.

"असणारच."

"तुला एवढी काळजी होती, तर उभी कशाला राहिलीस? तू नसतीस तर ही सगळी मतं मलाच पडली असती."

ओडेटने कोटाचे शेवटचे बटण लावले. "नसती पडली. टेकडीवरचे लोक कोळ्याला पहिलं मत देत नाहीत, लॉर्न. मी नसते तर निम्मे स्टॅकपोलकडे गेले असते आणि निम्मे घरी बसले असते. मला वाटलं, मला देतील, मी शेवटची येईन आणि त्यांचं दुसरं मत तुला मिळेल. मी त्याचसाठी उभी होते. जिंकायला नव्हते."

लॉर्नने वर पाहिले. इतका हबकलेला माणूस मी माझ्या आयुष्यात पाहिलेला नाही. "हे मला सांगितलं का नाहीस?"

"तुझ्या दारी आले होते. थेल्मा म्हणाली, हे आमचं पाणी आहे."

वसंतात धक्क्याच्या फाटकाला साखळी लागली. लॉर्नने एक महिना खाडी ओलांडून पाहिली आणि मग होडी मुख्य किनाऱ्यावरच्या एका तरुणाला विकली. विकायच्या दिवशी तिला किनाऱ्यापर्यंत घेऊन जायला ओडेट त्याच्यासोबत गेली होती, असे मर्नाबाईंनी कोणाला तरी सांगताना मी ऐकले.

मतपत्रिका ठराविक काळ जपून ठेवायचा नियम आहे, म्हणून त्या सगळ्या माझ्या पोटात परत आल्या आहेत. टोकाचा तो गठ्ठाही. ती मते खोटी नव्हती. ज्याला दिली, तो माणूसही भला होता. मित्रांनो, तुमच्या माणसाला पहिले मत जरूर द्या, पण दुसरा रकाना दिसला तर तो वाया घालवू नका. तुमचा माणूस पडला तर गावासाठी अजून कोण उभे राहील, हे स्वतःला विचारा आणि त्याचे नाव तिथे लिहा. आणि मतदानाआधी तो माणूस तुमच्या दारी आला, तर त्याला घरात घ्या.