अज्ञातरावांची सही

आत्याने सगळ्याला होकार दिला होता. घर सोडायला, सामान आवरायला, माझ्या धाकट्या भावाच्या गावी, समुद्रापासून लांब, कायमचं राहायला जायलाही. गाडं अडलं ते दारावरच्या पाटीपाशी.

धाकट्याला आम्ही मास्तर म्हणतो. शाळेत गणित शिकवायला लागायच्या कितीतरी आधीपासून म्हणतो, कारण चूक दिसली की त्याला राहवत नाही. तो स्क्रूड्रायव्हर घेऊन पाटी काढायला निघाला, तशी आत्या भिंत चाचपत आली आणि दाराला पाठ लावून उभी राहिली.

"तिला हात लावू नकोस."

"आत्या, परवा इथे नवे लोक राहायला येणार. त्यांच्या दारावर आतोबांचं नाव कशाला?"

"नाव काय त्यांच्याकडे जेवायला मागणार आहे? राहू दे. माणूस आला तर घर कसं ओळखेल?"

मास्तरने माझ्याकडे बघितलं. मी जमिनीकडे.

आतोबा, म्हणजे आत्याचे यजमान, जहाजावर सुतार होते. मी शाळेत जायला लागले त्या वर्षी ते ज्या जहाजावर चढले, ते कुठल्याच बंदराला लागलं नाही. ना निरोप, ना एखादं फळकूट. कंपनीचा माणूस आला आणि 'बेपत्ता' एवढा एकच शब्द सांगून गेला. आत्याने त्याला पाणी दिलं, तो गेल्यावर फडकं घेतलं आणि दारावरची पितळी पाटी लख्ख पुसून काढली. तेव्हापासून खाऱ्या हवेतही ती पाटी कधी काळवंडली नाही. आता आत्याच्या डोळ्यांवर पडदा आला होता, कडेने थोडासा उजेड तेवढा कळायचा. डॉक्टरांनी हात टेकले होते. गॅसवरचं दूध पातेल्यासकट जळलं, तेही शेजारणीला वासावरून कळलं. तिला एकटं ठेवायची सोय उरली नव्हती. आणि ती म्हणत होती, पाटी निघणार असेल तर मी निघत नाही.

"बरं, ते मागाहून बघू," मी म्हटलं.

"बघा. पण उद्या मला म्युझियमला न्या. अज्ञातरावांचा निरोप घ्यायचा राहिलाय."

हे अज्ञातराव कोण, ते सांगायला हवं.

आमचे आईवडील रविवारीही कामावर असायचे, म्हणून आम्हा भावंडांना आत्याकडे सोडायचे. आत्या बंदरामागच्या कारखान्यात ताडपत्र्या शिवायची. तिला रविवारची सुट्टी. पण घरात बसलं की खिडकीतून समुद्र दिसायचा, आणि तो बघत बसणं तिला नको असायचं. मग आमच्या वेण्या, भांग करून, बूट चढवून ती आम्हाला घेऊन बाहेर पडायची. टेकडीवरचं कलादालन, जुन्या जकात कचेरीतल्या मूर्ती, आणि शेवटी धक्क्यावरचं म्युझियम. तिथे छताला देवमाशाचा सांगाडा टांगलेला होता. त्याच्या खाली मास्तर उताणा पडून बरगड्या मोजायचा आणि पहारेकऱ्याची बोलणी खायचा. मेण लावलेल्या लाकडी जमिनीचा वास, ओल्या छत्र्यांचा वास, आणि आत्याच्या हातांना कायम येणारा ताडपत्रीचा वास, हे तिन्ही आजही मला एकत्रच आठवतात.

मास्तरला नुकतं वाचता येऊ लागलं होतं. तो चित्रं बघायचाच नाही, चित्रांखालच्या पाट्या वाचायचा. एका रविवारी कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "आत्या, हा अज्ञात नावाचा माणूस किती चित्रं काढतो गं? त्या खोलीतही त्याचीच होती."

आत्याच्या चेहऱ्यावरची रेषही हलली नाही. "फार कष्टाळू माणूस. पण नुसतं अज्ञात नको म्हणूस. अज्ञातराव म्हण. वयाने मोठे आहेत."

झालं. त्या दिवसापासून अज्ञातराव आमच्या घरचे झाले. त्यांनी चित्रं काढली, घडे घडवले, मूर्ती कोरल्या, राणीचा हस्तिदंती कंगवाही केला. मास्तरने पाट्यांवरची सालं मांडून बघितली, तर त्यांचं वय तीनशेच्या वर निघालं. "तब्येत राखून आहेत," आत्या म्हणाली.

मी पुढे पुष्कळ कीर्तनं ऐकली. पायाला मुंग्या येईपर्यंत बसून ऐकली, अजूनही ऐकते. पण कथा कशी लावायची, ते मी पहिल्यांदा त्या दालनांत ऐकलं. आत्या आधी एक ओळ गुणगुणायची, पहारेकऱ्याला ऐकू जाणार नाही इतकी हळू. मग अज्ञातरावांचं आख्यान लावायची: त्या दिवशी त्यांना कुठला रंग मिळाला नाही, कोण त्यांच्यावर रुसलं होतं, कंगव्याचा एक दात का मोडला. आणि बरोबर फिरून त्याच ओळीवर यायची. एकदा मी विचारलं, एवढं सगळं करून हे नाव का लिहीत नाहीत? ती खिडकीबाहेर हात करून म्हणाली, "अगं, सगळ्यात मोठे अज्ञातराव वर बसलेत. एवढं आभाळ रंगवलं, एवढं पाणी रंगवलं. कोपऱ्यात कुठे सही दिसते का बघ." मी खरंच बघत बसले. देवाशी माझी ओळख अशी झाली.

आत्याचं आवडतं चित्र धक्क्यावरच्या म्युझियममध्ये, शेवटच्या खोलीत. लहानसंच. पाऊस उघडलेला, बंदराच्या ओल्या पायऱ्या, खाली बांधलेली होडी, आणि मधल्या पायरीवर थांबलेला एक माणूस. मास्तर म्हणायचा, तो खाली उतरतोय. आत्या म्हणायची, चढतोय, घरी चाललाय. दर रविवारी हा वाद व्हायचा आणि दर रविवारी आत्या तिथल्या बाकावर जरा जास्तच वेळ बसायची. आम्हाला वाटायचं, पाय दुखत असतील.

तर म्युझियमला जायच्या दिवशी मी सकाळीच एकटी पुढे जाऊन आले. चाकांची खुर्ची मिळते का विचारायला. खुर्ची मिळत होती. शेवटच्या खोलीत डोकावले आणि दारातच थांबले. चित्र होतं, पण खालची पाटी नवी होती, आणि तिच्यावर 'अज्ञात' नव्हतं.

घरी येऊन मास्तरला जिन्यात गाठलं. "तिने विचारलं तर आपण अज्ञातच म्हणायचं. शेवटची भेट आहे, सुखाने होऊ दे."

"मी खोटं वाचणार नाही."

"मग तू वाचूच नकोस. खोकत राहा."

"किती वेळ?"

"मी सांगेपर्यंत."

दुपारी आम्ही तिला नेलं. खुर्चीत बसायला तिने साफ नकार दिला. "अज्ञातरावांसमोर काय वरात काढता माझी?" माझ्या खांद्यावर हात ठेवून ती चालली. देवमाशाखाली थांबून मास्तरला म्हणाली, "पड ना आता, कुणी ओरडणार नाही." शेवटच्या खोलीत बाक तसाच होता. ती बसली, मान जराशी तिरकी केली.

"उजेड वाढलाय. अज्ञातरावांनी अंघोळ केलेली दिसते."

"साफ केलंय चित्र," मी म्हटलं.

"हं. पाटीवर काय लिहिलंय?"

"नेहमीचंच."

मी फार पटकन बोलले. आत्याने तोंड मास्तरकडे फिरवलं. "तू वाच रे."

मास्तर खोकला.

"खोकू नकोस. खोकला असता तर काल रात्री ऐकू आला असता, भिंती पातळ आहेत. वाच."

मास्तरने चष्मा पुसला आणि वाचलं. नाव साधंच होतं, आपल्या ओळखीत चार जणांचं असतं तसं. हा चित्रकार बंदरात नोकरीला होता. सफाईसाठी चित्र चौकटीतून बाहेर काढलं, तेव्हा उजव्या कोपऱ्यात सही सापडली.

मी आत्याचा हात धरला. आता ती दुखावणार, आयुष्यभराचं एक माणूस आम्ही तिच्याकडून काढून घेतलं, असंच माझ्या मनात.

"सही होतीच म्हणजे," ती म्हणाली.

"होती. चौकटीखाली दबली होती."

"आपण इथे बसून भांडायचो, तेव्हाही?"

"तेव्हाही."

तिने ते नाव पुन्हा म्हणायला लावलं. मग स्वतः म्हणाली, हळूच, गाण्याची ओळ धरतात तसं, दोनतीनदा. "म्हणजे सापडला म्हणायचा. घरच्यांना किती बरं वाटलं असेल."

"आत्या, दीडशे वर्षं झाली. घरचे कुठले आता?"

"नसतील तर आपण आहोत. आपण नाही का वाचलं?"

तिची बोटं माझ्या तळहातावर काहीतरी गिरवत होती. अक्षरं होती, पण चित्रकाराच्या नावाची नव्हती, दारावरच्या पाटीवरची होती. इतक्या वर्षांच्या रविवारांचा अर्थ मला त्या बोटांनी सांगितला.

निघताना तिने विचारलं, "मास्तर, खरं सांग. चढतोय की उतरतोय?"

मास्तरने जवळ जाऊन बघितलं, मागे सरून बघितलं. "चढतोय."

"मग इतकी वर्षं उतरतोय म्हणत होतास ते?"

"तेव्हा माझी उंची कमी होती. खालून दिसायचं नाही."

आत्या हसली. मास्तर खोटं बोलत नाही. त्या दिवशीही बोलला नसावा, असं मी धरून चालते.

घरी पोचल्यावर मी किल्ली लावायला गेले, तर तिने मला थांबवलं. पाटीवर हात ठेवला, एकेक अक्षर चाचपलं.

"काढ रे ही."

मास्तर तसाच उभा राहिला.

"इथे ठेवून काय करायचं? या नव्या लोकांना काय माहीत, हा कोण. नुसती इथे दबून राहील. पाटी अशा दारावर हवी, जिथे कुणी विचारलं तर सांगणारं माणूस आत असेल. तुझ्या दारावर लाव."

स्क्रू गंजून बसले होते. मास्तरने तेल सोडलं, फुंकर मारली, पुन्हा जोर लावला. पाटी निघाली तेव्हा तिच्या मागे दाराचा जुना हिरवा रंग तसाच होता, आतोबांनी स्वतः लावलेला. आत्याला तो दिसला नाही. मी सांगितला, तेव्हा तिने तिथेही हात फिरवला.

"तुझ्या नावाच्या खाली लावलीस तरी चालेल," ती मास्तरला म्हणाली.

मास्तर स्क्रू एकेक करून खिशात टाकत होता. "वरच लावतो," तो म्हणाला. "वयाने मोठे आहेत."