शाबान सांगतो तसा मी नाही

मित्रांनो, मी एक जुना पितळी नळ आहे. इस्तंबूलमध्ये बॉस्फरसच्या काठावर एक लहानसा राजवाडा आहे, त्यातल्या एका आतल्या खोलीच्या भिंतीत मी बसवलेलो आहे. माझ्याखाली संगमरवरी कुंडी आहे. माझ्यातून पाणी यायचं बंद होऊन चाळीस वर्षं झाली. तरी लोक तिकीट काढून मला बघायला येतात आणि माझी स्तुती करतात. ती ऐकली की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

मला ओहान्नेस नावाच्या कारागिराने ओतलं. माझी चावी ट्यूलिपच्या कळीसारखी व्हावी म्हणून त्याने ती तीनदा मोडून पुन्हा केली. मला पुसताना तो म्हणाला, "राजवाड्यात चाललायस बाबा, नाक वर ठेव." मी ते जरा जास्तच मनावर घेतलं.

मला वाटलं होतं, माझं काम हात धुवायला पाणी देण्याचं. पण त्या राजवाड्यात प्रत्येक दाराआड कुणी ना कुणी उभं असायचं. म्हणून वाड्यातल्या एखाद्या बाईला मनातलं बोलायचं असलं की ती आधी मला पूर्ण सोडायची. माझी धार कुंडीत धो धो पडायची आणि दारापलीकडे एक शब्द जायचा नाही. पण त्या आवाजात मलाही काही ऐकू यायचं नाही! बायका माझ्यापुढे हसायच्या, रडायच्या, एकमेकींच्या कानाला लागायच्या, आणि सगळ्यांची गुपितं राखणाऱ्या मला एकही गुपित माहीत नव्हतं. हे मला फार लागायचं.

त्या वाड्यात नेव्रेस आणि दिलफेझा नावाच्या दोन दासी होत्या. दोघी पंधरा-सोळा वर्षांच्या, दोघी पोरक्या, आणि एकमेकींवाचून घास न गिळणाऱ्या. नेव्रेसचा हात ऊद या तंतुवाद्यावर असा बसला होता की तिला खास शिक्षक लावला होता. एका दुपारी ती दिलफेझाला ओढतच माझ्याकडे घेऊन आली. तिने मला पूर्ण सोडलं आणि ती खिडकीकडे तोंड करून रडू लागली.

काय झालं असेल? मला राहवेना. फक्त एकदाच, असं म्हणून मी घशातलं पाणी आवरलं. धार बारीक झाली. पाठमोऱ्या मुलींना ते कळलं नाही.

"राजकन्येचा कॉफीचा पेला फुटला गं माझ्या हातून," नेव्रेस म्हणाली. "तिच्या आईची आठवण होती ती. तुकडे मी गुलाबाच्या वाफ्यात पुरलेत."

"मेले! मला तरी कशाला सांगितलंस?" दिलफेझा म्हणाली. मग तिने नेव्रेसचे डोळे आपल्या ओढणीने पुसले. "बरं, आता गप्प. मी काही ऐकलंच नाही, समजलीस?"

ऐकलं होतं मी. आणि दाराखालच्या फटीतून मला सपातांची सावली दिसली. ती जेनान कल्फाची होती, सगळ्या दासींवर नजर ठेवणाऱ्या बाईची. मी घाबरून धार सोडली. फार उशीर झाला होता. सावली आवाज न करता निघून गेली.

दुसऱ्या दिवशी वाफा उकरला. नेव्रेसला एका गाठोड्यासह अडापझारी या लांबच्या गावी कुणाच्या तरी घरी चुली पेटवायला धाडलं. तिची ऊदची शिकवणी दिलफेझाला मिळाली. दिलफेझा कितीतरी दिवस कुंडीपाशी एकटी येऊन बसायची. मला सोडायचीसुद्धा नाही.

पुढे राजघराणं देशाबाहेर गेलं, नळ्या कापल्या, वाड्याचं संग्रहालय झालं. शाबान नावाचा पहारेकरी आला. तो येणाऱ्या प्रत्येकाला सांगतो, "बघा, हा नळ! याच्यासमोर बोललेला एक शब्द कधी बाहेर गेला नाही. असा पोटात ठेवणारा माझ्या बायकोच्या माहेरी एक जरी असता ना!" लोक हसतात. मी कोरडा असल्यामुळे आता मला सगळं ऐकू येतं.

गेल्या वसंतात, त्या दुपारनंतर तब्बल पंचावन्न वर्षांनी, राखाडी कोटातली एक म्हातारी आली. फरशी खराब होऊ नये म्हणून इथे देतात त्या कापडी पिशव्या बुटांवर चढवून, काठी टेकत, कुणाला न विचारता ती थेट माझ्यापुढे उभी राहिली. मी तिला लगेच ओळखलं.

"मावशी, वाट बरी माहितीय तुम्हाला," शाबान म्हणाला.

"इथली फरशी पुसलीय मी, बाळा. तू जन्मायच्या आधी." नेव्रेसने पिशवीतून एक पत्र काढलं. "दिलफेझाचं आहे. समोरच्या काठावर, उस्कुदारला अंथरुणाला खिळलीय. लिहिते, 'मी कुणाला सांगितलं नव्हतं, एकदा येऊन जा.' जाऊ का नको, ते ठरवायला आधी इथे आले."

तिने सगळी हकिगत सांगितली. मग माझ्या चावीवर बोट ठेवून विचारलं, "खरं सांग. हा पूर्ण सोडलेला असताना दाराबाहेर ऐकू जाईल?"

शाबान भला माणूस. त्याला जे ठाऊक होतं ते त्याने सांगितलं. "अशक्य, मावशी. या नळाने कुणाला दगा दिलेला नाही."

"मग तिनेच सांगितलं," नेव्रेस म्हणाली. "दुसरं कोण होतं इथे?"

मी होतो! मी ओरडायचा किती प्रयत्न केला. घशात एक थेंबही नव्हता.

शाबानने आणलेला चहा तिने अर्धाच घेतला. माझ्या खिडकीतून बोटींचा धक्का दिसतो. उस्कुदारची बोट लागली. नेव्रेस धक्क्यावरच्या बाकावरून उठली, दोन पावलं पुढे गेली, पत्राकडे पाहिलं आणि परत बसली. बोट सुटली. मग ती अडापझारीच्या गाडीसाठी हैदरपाशा स्टेशनच्या बोटीत चढली. दुसऱ्या दिवशी शाबानने मला लिंबू-मिठाने घासून लख्ख केलं. तो चकचकाट मला सहन होईना.

मित्रांनो, मला घासू नका, माझे फोटो काढू नका. तुमच्या हातून असं काही झालं, तर तोंडात शब्द आहेत तोवर कबूल करा. आणि तुमच्यापैकी कुणी अडापझारीला गेलं, तर राखाडी कोटातल्या नेव्रेसआजीला शोधा. दिलफेझा अजून वाट पाहत असेल. आजीला एवढंच सांगा, की त्या दुपारी नळ ऐकत होता.