हातचं राखून

निमोण्याच्या प्रगतीच्या डोक्याला त्या दिवशी नुसता ताप झाला होता. शिरूरच्या कॉलेजात ती एम.ए. मराठी करत होती, आणि सरांनी तिचा निबंध परत केला होता. आजकालच्या दोन कथा घ्यायच्या आणि त्या सांगायची तऱ्हा ताडून बघायची, एवढंच काम. पण सरांचा शेरा काय, तर ‘तुम्ही कथाच सांगितल्या, तुलना कुठे आहे?’ आता तुलना काय झाडाला लागते?

बरं, घरी बसून लिहावं तर आईचा पिच्छा. भामाबाई ओसरीवर झेंडूची फुलं निवडत बसली होती. म्हणाली, मोठ्यानं वाच, मलाबी ऐकू दे. दोन्ही कथांत घर सोडून गेलेला मुलगा. सरांनी नेमक्या ह्याच कथा द्याव्यात, ह्याचाच प्रगतीला राग आला होता.

कारण थोरला भाऊ सुरज दसऱ्याच्या आधी असाच गेला होता. सुपारी फुटली आणि हा म्हणाला, मुलगी पसंत नाही. वडलांनी, आप्पांनी, चार माणसांत कानाखाली वाजवली. त्याच रात्री फोन बंद करून गडी पसार. आता संक्रांत झाली तरी भामाबाईला त्याचा ठावठिकाणा नव्हता. प्रगतीला होता. दौंडला टायरच्या दुकानात कामाला लागला होता, नव्या नंबरवरून तिला फोन करायचा, आणि वर बजावायचा, कुणाला सांगितलंस तर आईची शपथ. स्वतः मोकळा झाला आणि ओझं हिच्या गळ्यात बांधून गेला.

तिनं दोन्ही कथा वाचून संपवल्या. पहिलीत सुरुवातीलाच कळत होतं, की मुलगा मेला, आणि मग कथा मागं जात होती. दुसरीत आई दार उघडते आणि कथा थांबते.

“मग? दारात कोन व्हतं?” भामाबाईनं विचारलं.

“ते सांगितलं न्हाई. आपण समजून घ्यायचं.”

“सांगनाऱ्याला ठावं हाय का?”

“हाय.”

“मग सांगायला काय धाड भरली त्याला?”

प्रगती वैतागली. “आई, त्यालाच तंत्र म्हणतात. हातचं राखून सांगितलं की गोष्ट मनात घोळत राहते. ही दुसरीच भारी हाय, मी तसंच लिहिणार हाय.”

“मला पयली बरी वाटली.”

“अगं, तिच्यात पोरगं मेलंय.”

“मेलंय, पन तिच्या आईला कळलं तरी. रडून मोकळी झाली बाई.”

प्रगतीला पुढं एक शब्द लिहवेना. सरांचा राग आला, सुरजचा आला, सगळ्यात जास्त स्वतःचा आला. खड्ड्यात गेली ती शपथ.

“सुरज दौंडला हाय,” ती म्हणाली. “टायरच्या दुकानात. बरा हाय.”

भामाबाईचे हात थांबले. आता आई रडेल, नंबर मागेल, असं प्रगतीला वाटलं. पण तिनं शांतपणे विचारलं, “तुला कवापासनं ठावं हाय?”

“दसऱ्यापासनं.”

“दिवाळीला त्याच्या वाट्याचा फराळ मी डब्यात काढून ठेवला,” भामाबाई म्हणाली. “खवट झाला तरी टाकला न्हाई. रोज डबा उघडून बघायचे. तू तिथंच बसलेली असायचीस की गं.”