रंगाला रंग जुळवला तरी

मी एक जुना व्हीसीआर आहे, मित्रांनो. कॅसेट दाखवणं आणि कॅसेटवर नवं चित्र उतरवून घेणं, ही दोन्ही कामं मला येतात. दुसरं येत नसतं तर फार बरं झालं असतं.

कारखान्यातून मी आलो तो थेट एका शिंप्याच्या घरी. काय थाट होता माझा तेव्हा! शेजारपाजारचे पार जिन्यापर्यंत बसायचे. शिंप्याची लेक शिक्षिका होती. मला रोज कोरड्या फडक्याने पुसणारी घरात ती एकटीच. ती बाळंतपणाच्या रजेवर निघाली तेव्हा शाळेने तिच्यासाठी छोटा समारंभ केला, त्याचं शूटिंग झालं आणि कॅसेट घरी आली. त्यात ती वीस मिनिटं बोलली, हसली, पोटावर हात ठेवून बाळाशीही दोन शब्द बोलली. बाळ झालं आणि ती गेली.

शिंप्याने मला कापडात गुंडाळून कपाटावर ठेवलं. कॅसेट बघायची त्याची छातीच होईना. कॅसेटच्या कडेला प्लास्टिकचा छोटा तुकडा असतो. तो मोडला की तिच्यावर पुन्हा काही उतरत नाही, हे दुकानदाराने त्याला बजावलं होतं. पण चांगली वस्तू मुद्दाम मोडायची म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. चिंधीसुद्धा न फेकणारा माणूस तो.

नात आठ वर्षांची झाली आणि आई कशी बोलायची ते बघायचंय म्हणून हटून बसली. शिंप्याने मन घट्ट करून मला खाली काढलं. तिच्या मामाने नुकताच रुंद पडद्याचा टीव्ही आणला होता. दुकानातले सगळे शब्द मामाला पाठ. एचडी काय, पिक्सेल काय! माझं चित्र चौकोनी, तेव्हा दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या येणार, हेही त्याने ऐटीत सांगितलं. पिवळी वायर चित्राची, लाल-पांढरी आवाजाची, हेही बरोबर. पण माझ्या पाठीवर भोकांच्या दोन रांगा आहेत, एक चित्र बाहेर सोडणारी आणि एक आत घेणारी, एवढं काही त्या शहाण्याने वाचलं नाही. त्याने रंगाला रंग जुळवला आणि वायरी आत घेणाऱ्या रांगेत खुपसल्या.

टीव्हीचा पडदा निळा. वर अक्षरं, 'सिग्नल नाही'. शिंपी म्हणाला, दुरुस्तीवाल्या बाईंना बोलावू. मामाला त्यात कमीपणा वाटला.

"बाबा, रंग बरोबर आहेत. ह्याचंच बटण नीट लागत नाहीये," म्हणत त्याने प्लेच्या जोडीला शेजारचं लाल बटणही दाबून धरलं.

"आजोबा, हा लाल दिवा कशाचा?" नातीने विचारलं.

"चालू झालंय, बाळा."

मी ओरडणार कसा? मला तोंड कुठंय! वायरीतून काहीच येत नव्हतं, आणि ते काहीच मी इमानेइतबारे त्या कॅसेटवर उतरवत होतो. तिचं हसणं माझ्याच पोटात पुसलं गेलं. मामा टीव्हीची सेटिंग्ज उलटीपालटी करत बसला होता. वीस मिनिटं कधीच उलटून गेली.

दुसऱ्या दिवशी बाई आल्या. काय काय दाबलं ते त्यांनी विचारलं आणि त्यांचा चेहरा पडला. वायरी बाहेरच्या रांगेत लावून त्यांनी कॅसेट पहिल्यापासून सुरू केली. पडदा काळा, आवाज नाही. बराच वेळ सगळे तसेच बसून राहिले. मग एकदम चित्र आलं. समारंभ आटोपलेला, दोन शिपाई खुर्च्या एकावर एक रचतायत, बायका दारातून बाहेर पडतायत, सगळ्या पाठमोऱ्या. मामा उठून खोलीबाहेर गेला.

"ह्यातली आई कोणती?" नातीने पडद्याला नाक लावून विचारलं.

शिंप्याला सगळं कळून चुकलं होतं.

"थांब हं," तो म्हणाला. "अजून यायचीय."

मित्रांनो, तुमच्या घरी अशी एखादी कॅसेट असेल तर तो तुकडा आजच मोडा. जिवावर आलं तरी मोडा. माझ्यासारख्याच्या पाठीवर काय लिहिलंय ते आधी वाचा, नाही कळलं तर कुणाला तरी विचारा. विचारल्याने मान खाली जात नाही. ती पोर कॅसेट संपेपर्यंत जागची हलली नाही. संपल्यावर म्हणाली, "परत लावा ना."

शिंप्याने परत लावली.