आंधळ्याला विचारलेला प्रश्न

“फादर, समोरचो माणूस आंधळो आसा ह्या धडधडीत दिसता, तरी ‘तुका काय व्हया’ म्हणान तेका कोण इचारता?”

वर्षालीने एका दमात विचारून टाकलं आणि डोळ्यांवरची पट्टी कपाळावर सरकवली. ओसरीच्या खांबामागून फिसकन हसू फुटलं. फिलू आणि संजना तिथे दडून बसल्या होत्या. पैज त्यांचीच होती. हे फादरना तोंडावर विचारलंस तर गुळाच्या खाज्याची पुडी, नाही विचारलंस तर आमची पुडी तू आणायची.

वाडीतल्या कोपेलात, म्हणजे ख्रिस्ती वस्तीतल्या छोट्या प्रार्थनाघरात, सां पेद्रूच्या सणाची तालीम चालली होती. सण मच्छीमारांच्या संताचा, म्हणून नाटकात वाडीतली सगळी पोरं. कोण कुठल्या देवाचा हे कुणी मोजत नसे. फिलू पांढरी चादर पांघरून येशू झाली होती. संजना गर्दीतला माणूस होती आणि आंधळ्यावर खेकसण्याचं काम तिला फारच शोभत होतं. रस्त्याकडेला बसून गळा काढणारा आणि येशूने ‘तुला काय हवं?’ विचारताच दृष्टी मागणारा आंधळा भिकारी मात्र वर्षाली गाबीत. गंगारामची पोर हाक मारते तेव्हा किनाऱ्यावरची कुत्री उठून बसतात, असं लोक म्हणत. तेव्हा हा गळा दुसऱ्या कुणाला देणार?

फादर आल्वारिस पुठ्ठ्याच्या वेशीला कागद चिकटवत होते. दोन्ही हात खळीने बरबटलेले. ते मूळचे वसईकडचे, बोलायचे शाळेतल्यासारखं मराठी.

“दिसत होतं की,” ते म्हणाले. “येशूला चांगलं दिसत होतं.”

“मगे?”

“मग तू सांग. त्या रस्त्याने जाताना तू त्याला काय दिलं असतंस?”

“आठ आणे!” खांबामागून संजना ओरडली. “भिकारी मा तो!”

“बघ. न विचारताच दिलेस.” फादरनी खळीचं बोट वेशीला पुसलं. “त्याला रोज तेच मिळायचं. मागायलाही तो तेच शिकला होता.”

वर्षालीने तोंड उघडलं, पण फादरनी खळीचा हात वर केला.

“उत्तर मी देणार नाही. घरी जा. ज्याला काय हवं ते आपल्याला पक्कं ठाऊक आहे असं तुला वाटतं, त्या माणसाला हाच प्रश्न विचार. आणि मग गप्प राहा. हे दुसरं जरा जड जाईल तुला.”

आता फिलू चादरीसकट हसली. वर्षालीने पैज जिंकली होती, तरी आपल्याच गळ्यात काहीतरी पडलं असं तिला वाटत राहिलं.

घरी आली तेव्हा बाबा मांगरात, घरामागच्या खोपीत, होता. पावसाळ्यासाठी होड्या वर ओढून तीन आठवडे झाले होते आणि गंगारामने इंजिन खोलून गोणपाटावर मांडलं होतं. वर्षाली त्याच्या शेजारी उकिडवी बसली. पहिलीत असल्यापासून ती अशीच बसत आली होती. बाबाने न बघता हात पुढे केला, तिने तेरा-चौदाचा पाना हातात ठेवला. त्याने दुसऱ्यांदा हात पुढे केला, तिने चिंधी दिली. तिसऱ्यांदा त्याने हात पुढे करायच्या आधीच ती म्हणाली,

“दुसरो नोझल बग. शेवटच्या दिसात तोच अडखळत होतो. आवाज काय येय होतो तो? टुक-टुक-ठप्प.”

गंगारामने नोझल काढला, उजेडात धरला. टोकाला काजळी खरवडून काढावी इतकी जमली होती. तो मान हलवत हसला.

“डोक्या आसा हो तुका. म्हणान सांगतंय, सायन्स घे. उद्या मालवणाक जावन तुझो अकरावीचो अर्ज भरून टाकतंय. मगे डी.एड. केलंस काय बाई म्हणान नमस्कार करतीत लोक. बरा मा?”

“चलात,” वर्षालीने होकार दिला.

सबंध वाडीला भांडणात गप्प करणाऱ्या पोरीच्या तोंडून एवढंच निघालं. बाबाने ते नेहमीसारखं ऐकलं आणि पुन्हा इंजिनात वाकला. खाडीपलीकडच्या आयटीआयतून आणलेला छापील कागद तिच्या वहीत घडी घालून पडला होता. त्यावर ‘डिझेल मेकॅनिक’ या शब्दांखाली तिने पेन्सिलीने रेघ मारली होती. इतकी बारीक, की खोडायलाही लागू नये.

त्या घरात विचारायची सवयच नव्हती. ती सहा वर्षांची असताना एकदा बाबा वल्हं खांद्यावर टाकून निघाला आणि हिने मागून “बाबा, खंय चललास?” म्हणून हाक मारली. बाहेर पडणाऱ्या माणसाला ‘खंय’, म्हणजे कुठे, असं विचारायचं नसतं. काम फुकट जातं. गंगाराम उलट्या पावली घरात आला, पडवीत बसला, पाणी प्यायला, घटकाभर थांबला आणि मग पुन्हा निघाला. तोवर बाकीच्या होड्या पार दिसेनाशा झाल्या होत्या. त्या दिवशी आजीचे बोल तिला इतके लागले, की पुढे ‘खंय’ काय, ‘कसा’ आणि ‘कित्याक’सुद्धा ती घराबाहेरच विचारी.

आई, विमला, पडवीत खारे बांगडे टोपलीत रचत होती. वर्षाली समोर बसली. आईला काय हवं ते तिला पक्कं ठाऊक होतं: शेजारच्या नर्मदाकाकीकडे आहे तसा मिक्सर.

“आये, तुका काय व्हया?”

“ता मीठ दी हयसर.”

तिने मीठ दिलं. “तसा न्हय. तुका. तुका काय व्हया?”

“येड लागला काय गो?” विमला हसली. “माका काय व्हया! तू उठ आनि चाय ठेव.”

वर्षाली उठली नाही. बोललीही नाही. जीभ दातांखाली धरून ती बांगडे मोजू लागली. अकरा झाले, सतरा झाले. पागोळ्या टपटपत होत्या. विमलाने एक बांगडा रचला, उचलला, पुन्हा तिथेच ठेवला.

“माका मा,” ती हळूच म्हणाली, “एकदा होडयेत बसान भायर जावचा आसा.”

“होडयेत?”

“लांब नको. आपला घर दिसता थंयपर्यंत.” तिने मिठाचे हात झटकले. “वीस वर्सा झाली. सांज झाली काय त्या माडाकडे जावन उभी रवतंय, तुझ्या बापाशीची होडी दिसता काय बघीत. मी उभी रवतंय ती जागा थंयसून कशी दिसता, ता बघूचा आसा माका.”

वर्षालीच्या डोक्यातला मिक्सर कुठल्या कुठे गेला. वीस वर्षं हे बाईच्या पोटात होतं आणि कुणी, अगदी कुणीही, विचारलं नव्हतं! तिने टोपली ओलांडून आईच्या गळ्यात हात टाकले. दोन बांगडे जमिनीवर गेले.

“मेले, मीठ लागता! सोड!” विमला ओरडली, पण सोडवून घ्यायची घाई तिला नव्हती. मग लेकीच्या केसांतलं मीठ झाडता झाडता तिने विचारलं,

“आनि तुका गो? तुका काय व्हया?”

वर्षालीने तोंड उघडलं. आत सगळं तयार होतं: पाना, चिंधी, टुक-टुक-ठप्प, घडी घातलेला कागद. आई वाट बघत राहिली. पागोळ्या टपटपत राहिल्या.

“खाजा,” वर्षाली म्हणाली.

“बरा,” आई म्हणाली आणि खाली पडलेले बांगडे उचलू लागली.

पाठ फिरवल्यावर वर्षालीचे कान तापले. आठ आणे! विचारणारा समोर उभा राहिला, थांबला, आणि आपण मागितले काय, तर आठ आणे.

सकाळी बाबाने पांढरा शर्ट घातला. मार्कलिस्ट प्लॅस्टिकच्या पिशवीत, पिशवी काखेत, छत्री हातात. साडेआठची एसटी गाठायची म्हणून तो भरभर पायऱ्या उतरला. वर्षाली पडवीच्या खांबाला धरून उभी होती. खळ्याच्या, म्हणजे पुढच्या अंगणाच्या, कडेपर्यंत तो पोचला. अजून चार पावलं, की माडांआड.

आणि तिने तो भिकाऱ्याचा गळा काढला.

“बाबाऽ! खंय चललास?”

गंगाराम जागच्या जागी थिजला. पलीकडच्या खळ्यात नर्मदाकाकीच्या हातातला झाडू थांबला. एक कुत्रं उठून बसलं.

तो मागे वळला. परत आला, छत्री मिटली, पडवीच्या कठड्यावर बसला. चेहरा लाल झालेला.

“धावी झाली गो तुझी! चौऱ्याहत्तर टक्के! येवडा कळाक नको?”

“पानी हाडतंय,” म्हणून वर्षाली घाईने वळली आणि दारातच आईवर आदळता आदळता राहिली.

विमला उंबऱ्यात उभी होती. हातात तांब्या, काठोकाठ भरलेला, वर फुलपात्र उपडं घातलेलं. भरून आणायला विहिरीपर्यंत जावं लागतं. हाक तर आत्ता मारली होती. वर्षालीने आईच्या तोंडाकडे पाहिलं. आई तिच्याकडे बघत नव्हती. तिने तांब्या नवऱ्यापुढे ठेवला आणि पदराला हात पुसत बाजूला उभी राहिली, माडाखाली रोज राहते तशी.

गंगाराम पाणी प्यायला. एसटीचा हॉर्न नाक्यावर वाजला, दूर गेला. त्याने ओठ पुसले. समोर पोर उभीच होती. हलत नव्हती, रडत नव्हती, सॉरीही म्हणत नव्हती. ओढणी खांद्यावरून घसरून खाली पडली होती, तिकडे तिचं लक्षही नव्हतं.

“काय गो?” तो वैतागून म्हणाला. “काय व्हया काय तुका?”

वर्षालीने श्वास घेतला. आज विचारणारा समोर बसला होता, आणि पुढची एसटी दहाला होती.

“माका अकरावी नको, बाबा. मी ठरवलंय. मी आयटीआयत डिझेल मेकॅनिकाक जातलंय. वर्गात सगळे पोरगे आनि एकला चेडू आसला तरी जातलंय. आनि नारळी पुनव झाली काय आयेक होडयेत बसवन भायर नेवचा आसा. घर दिसता थंयपर्यंत. त्या दिसा इंजिन मी चालवतलंय.”